खाडीच्या वाटेचा हिशोब

ऑक्टोबर २०२१ मध्ये खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर गेट बसलं आणि त्याला कुलूप लागलं. त्या दिवशी आमच्या संस्थेच्या खात्यात ३ लाख ४२ हजार रुपये होते. त्यातले १ लाख ९० हजार एका कंपनीने कांदळवनाच्या रोपवाटिकेसाठी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, दिलेले. ते दुसऱ्या कशालाही लावता येत नाहीत. राहिले १ लाख ५२ हजार, त्यातले एक लाख मुदत ठेवीत. मी एकतीस वर्षं बँकेत काढली आणि निवृत्त झाल्यावर या संस्थेची खजिनदार झाले, म्हणून मला गेट आणि शिल्लक एकदमच आठवतात.

आमची संस्था म्हणजे बोरिवली-दहिसरकडची वीस-बावीस माणसं. रविवारी खाडीकाठचं प्लास्टिक उचलायचं, थंडीत पक्ष्यांची नोंद ठेवायची, शाळेच्या मुलांना कांदळवन दाखवायचं, एवढंच काम. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की दोन कुंपणांच्या मधून एक वाट खाडीपर्यंत जाते. वाटेला लागून मोकळा भूखंड आहे, विकास आराखड्यात मनोरंजन मैदान म्हणून राखलेला आणि देखभालीसाठी एका खासगी मंडळाकडे दिलेला. त्या मंडळाने मैदानाबरोबर वाटही गेटच्या आत घेतली. वॉचमन वही पुढे करून विचारायचा, "सभासद आहात का?"

आम्ही पक्षी बघणारे, आमचं फार अडलं नसतं. अडलं ते कोळीवाड्यातल्या बायांचं. ओहोटीला खुबे, कालवं, निवट्या काढायला त्या याच वाटेने उतरतात. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, कधी पहाटे चार, कधी भर दुपारी दोन. गेट उघडायची वेळ मंडळाने ठरवलेली, सकाळी सहा ते नऊ. एक मावशी टोपली डोक्यावर घेऊन गेटपाशी उभी होती. मला म्हणाली, "आता आमी जावाचा कुठशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी पासबुक काढून बसले.

पहिले पाच महिने माहिती अधिकारात गेले. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ही स्वस्त बाजू. पण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५०. आराखड्यातली नोंद, मालमत्ता पत्रक, देखभालीचा करार, गेटची परवानगी, वाटेचा नकाशा, सगळं वेगवेगळं मागावं लागलं. सहा अर्ज केले. तीस दिवसांत दोन उत्तरं आली, बाकीच्यांसाठी वीस-वीस रुपयांचे स्टँप लावून अपील. एका कार्यालयातून आलेल्या करारात अटींचं पानच नव्हतं. ते पान मिळवायला मी चार वेळा गेले. मिळालं तेव्हा त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की जागा सर्वसामान्य जनतेसाठी खुली ठेवावी लागेल.

कागद घेऊन आम्ही वकीलबाईंकडे गेलो. तरुण आहेत, फोर्टात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतात. मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणतात. त्यांनी आधी तारखा मांडल्या. राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलो तर पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला, अर्जाची फी फक्त हजार रुपये. पण २०१० च्या त्या कायद्यात वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यापुढे सबळ कारण दाखवलं तर साठ दिवस. आमचे पाच महिने कागद गोळा करण्यात संपले होते. शिवाय आमचा मुद्दा निव्वळ पर्यावरणाचा नव्हता. सार्वजनिक जागेवर सामान्य माणसाला पाय ठेवता येतो की नाही, आराखड्यातल्या राखीव जागेची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न उच्च न्यायालयाचे. जनहित याचिका करायचं ठरलं.

"फी नको काकू, पण वरखर्च तुम्हाला करावा लागेल," त्या म्हणाल्या. असं म्हणणारे वकील मुंबईत आजही आहेत म्हणून आमच्यासारख्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढता येते. पण वरखर्च या एका शब्दात किती काय मावतं हे मला तेव्हा कळलं. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. आमची मालमत्ता पत्रकं, नकाशावरचे शेरे, कोळीवाड्याची जुनी निवेदनं, सगळं मराठीत. ६१ पानांचं भाषांतर करून घ्यावं लागलं, दर पानामागे. महाराष्ट्राच्या कार्यालयांनी मराठीत दिलेले कागद महाराष्ट्राच्याच न्यायालयात दाखवायला पैसे मोजावे लागतात, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. मग याचिका झाली २८६ पानांची. न्यायमूर्तींसाठी, राज्य सरकार, जिल्हाधिकारी, महापालिका, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, ते मंडळ आणि आमच्यासाठी मिळून आठ संच. पानांना हाताने नंबर मी टाकले, एक संच पुरा व्हायला पाऊण तास लागायचा. झेरॉक्सचे ३,४३२ रुपये. ती पावती अजून फाइलला आहे.

याचिका दाखल करायच्या आधी घरातलंच एक भांडण निस्तरावं लागलं. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त, सगळे त्यांना सर म्हणतात, खटल्याच्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुंबईत असे खटले किती चालतात हे त्यांनी पुढ्यात ठेवलं. कांदळवनांसाठी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने लढा दिला. ऑक्टोबर २००५ मध्ये तोडीवर बंदी घालणारा अंतरिम आदेश मिळाला आणि अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला. तेरा वर्षं. "आपल्या शिलकीत तेरा महिने तरी निघतील का?" सर मला विचारत होते. मी त्यांना वहीत मांडून दाखवलं की निघणार नाहीत. पण गिरणी कामगाराच्या मुलाला, म्हणजे आमच्या सचिवांना, वेगळं आठवत होतं. गिरण्यांच्या जमिनीतली मोकळी जागा किती, यावरचा खटला याच ॲक्शन ग्रुपने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि २००६ साली तिथे हरला. ते म्हणाले, "हरले तरी कोणीतरी विचारलं होतं ना." त्या बैठकीत ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी झाला. सरांनी विरोधात मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे दहा हजार रुपये चेकने आणून दिले.

ठरावाची भाषा मी आणि आमच्या सीएंनी दोन संध्याकाळी बसून घडवली. कारण असं: धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशासाठी खर्च करावे लागतात. खटल्याचे पैसे तसे खर्च होत नाहीत. कधी सहा महिने काहीच लागत नाही, कधी एका आठवड्यात पन्नास हजार. पैसे पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवायचे तर आयकर खात्याकडे तेव्हा फॉर्म १० भरायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि कारण नेमकं लिहायचं. 'संस्थेच्या उद्देशांसाठी' असं मोघम लिहिलेलं चालत नाही. आम्ही वाटेचं नाव, गेटची तारीख, याचिकेचा विषय, सगळं ठरावात घातलं. आयकर कायद्यात पर्यावरणाचं जतन हा धर्मादाय कामाचा स्वतंत्र प्रकार आहे, त्याचा आम्हाला आधार मिळाला.

मग देणग्या मागायला सुरुवात केली. क्यूआर कोड लावला आणि तीन दिवसांत मला धडकी भरली. पैसे येत होते, १०१, २५१, ५००, पण मागे नुसतं अर्धवट नाव. देणगीदाराचं नाव आणि पत्ता नोंदवलेला नसेल तर ती अनामिक देणगी ठरते, आणि एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेली की तीस टक्के कर लागतो. आमचा आकडा तिथवर जाणार नव्हता, तरी मला वहीत एकही निनावी रुपया नको होता. मी प्रत्येकाला शोधून फोन केले. सगळ्यांनी पत्ता सांगितला असं नाही. नऊ जणांचे पैसे मी परत पाठवले.

आमच्या इमारतीतल्या मुलाने न्यू जर्सीहून पन्नास हजार पाठवले. लहानपणी मी त्याला दादर चौपाटीवर घेऊन जायची. पैसे मुंबईतल्या त्याच्या बँक खात्यातून आले होते, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. परदेशी नागरिकाचा पैसा हा परदेशी पैसा, भारतातल्या खात्यातून आला तरी, आणि आमच्याकडे परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरएची नोंदणी नाही. पासपोर्ट भारतीय असता तर चाललं असतं. दोन दिवसांत सगळी रक्कम परत केली, सोबत चिठ्ठी लिहिली. "काकू, माझ्याच गल्लीतली खाडी आहे ना ती," तो फोनवर म्हणाला. मला काही बोलवेना.

आणि मग एका दुपारी मावशी आल्या, बरोबर आणखी दोघी. बोर्नव्हिटाच्या डब्यात नोटा आणि नाणी. सतरा बायांनी गोळा केलेले २,३५० रुपये. सात जणींनी दोनशे, नऊ जणींनी शंभर, एकीने पन्नास. त्यांना वाटलं डबा दिला की झालं. मी पावतीपुस्तक काढलं आणि सतरा पावत्या फाडल्या. एकेकीचं पूर्ण नाव, कोळीवाड्यातलं घर, रक्कम, सही किंवा अंगठा. दोन तास लागले. नोटांना सुक्या मासळीचा वास होता. पन्नास रुपयेवालीची पावती मावशीने मुद्दाम दोनदा वाचून घेतली, कारण ती बाई आजारी होती आणि तिला बरोबर सांगायचं होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये याचिका दाखल झाली. त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे बोरिवलीहून चर्चगेट, आणि ओव्हल मैदान ओलांडून न्यायालय. मैदानाच्या मधून जी पायवाट जाते तिच्यावरून रोज हजारो लोक ऑफिसला जातात. नव्वदच्या दशकात या मैदानाची दुर्दशा झाली होती, तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले होते. मी दर तारखेला त्या वाटेने जाताना हे आठवायची, आणि मला बरं वाटायचं.

तारीख म्हणजे सुनावणी असं मला आधी वाटे. बोर्डावर आमचं मॅटर ४३ व्या नंबरला, आणि पाच वाजता कोर्ट उठलं तेव्हा ३१ वा नंबर चालू. कधी सरकारी वकिलांना उत्तरासाठी मुदत हवी. कधी खंडपीठ बसलंच नाही. अकरा तारखांपैकी प्रत्यक्ष ऐकलं गेलं तीनदा. दर तारखेला प्रवास, झेरॉक्स, कारकुनाचा खर्च, नव्या प्रतिज्ञापत्राचं नोटरी. समोरच्या मंडळाला तारीख पुढे गेली तर काहीच लागत नव्हतं, गेट बंदच होतं. सार्वजनिक जागेच्या वादात वेळ नेहमी ताबा असलेल्याच्या बाजूने चालते, आणि त्या वेळेचं भाडं मागणारा भरतो. हे मी हिशोबनीस म्हणून सांगते.

दुसऱ्या सुनावणीला समोरून दोन वार झाले. पहिला कागदाचा. आमच्या ज्या विश्वस्तांनी याचिकेवर सह्या केल्या त्यातल्या दोघांची नावं सार्वजनिक न्यास नोंदणीच्या उताऱ्यावर नव्हती. २०१९ साली विश्वस्त बदलले, बदल अर्ज मुदतीत दिला होता, पण तो तीन वर्षं पडून होता. म्हणे, या लोकांना संस्थेच्या नावाने बोलायचा अधिकारच नाही. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच मी जपून ठेवलेली होती, शिक्क्यासकट. वकीलबाईंनी ती दाखवली, जुन्या दोन विश्वस्तांनी पाठिंब्याची प्रतिज्ञापत्रं दिली, तेवढ्यावर निभावलं. संस्था चालवणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर आजच आपला उतारा काढून नावं तपासा. न्यायालयात जाण्याआधी एवढं एक काम करा.

दुसरा वार माझ्या वह्यांवर होता. प्रतिज्ञापत्रात लिहिलं, की ही याचिका शेजारच्या भूखंडावर डोळा असलेल्या कोण्या बिल्डरच्या पैशाने चालली आहे. जनहित याचिकेत खर्च कोण करतंय हे शपथेवर सांगावं लागतं, आणि खोट्या हेतूने याचिका करणाऱ्याला दंड होतो. बलवंतसिंह चौफाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली लाखाचा खर्च बसवला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. बायांची नावं न्यायालयाच्या कागदात जावीत असं मला वाटत नव्हतं, मंडळाचे लोक त्यांच्या दारात गेले असते. शेवटी लेखापरीक्षकांचा दाखला दिला: देणगीदार १४३, सर्वात मोठी देणगी दहा हजार, ती एका विश्वस्ताची, परदेशी पैसा शून्य. न्यायालयाने मागितली तर पावतीपुस्तकं हजर करू. मी ती पुस्तकं पिशवीत घेऊन बाकावर बसले होते. न्यायमूर्तींनी दाखला वाचला, समोरच्यांना विचारलं, बिल्डरबद्दल काही पुरावा आहे का. नव्हता. मुद्दा तिथेच संपला.

तरीही प्रामाणिकपणाची खूण म्हणून एक लाख रुपये अनामत भरायला सांगितलं, चार आठवड्यांत. तोवर आमचे ८४ हजार खर्च झाले होते, ५७ हजार देणग्या आल्या होत्या. म्हणजे हातात सव्वा लाख. मुदत ठेव मोडली, वेळेआधी मोडल्याचा एक टक्का गेला. लाख भरल्यावर राहिले पंचवीस हजार. त्याच महिन्यात रोपवाटिकेवाल्या कंपनीचा ईमेल आला, की न्यायालयीन वादात असलेल्या संस्थेला पुढच्या वर्षी निधी देणं त्यांच्या धोरणात बसत नाही. रोपवाटिकेवर दोन माणसं कामाला होती. एकाला आम्ही निरोप दिला. खटल्याचा हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने वाटेची मोजणी झाली. मोजणीची फी आम्ही भरली. भूमापक यंत्र घेऊन आले, सरकारी माणसं आली, मंडळाचे दोन पदाधिकारी आले. मंडळाचं म्हणणं, वाट कधी नव्हतीच, लोक मैदानातून घुसायचे. जुन्या नकाशावर हद्दीचे दगड होते, जागेवर एकही दिसेना. तासभर शोधाशोध झाली. ऊन चढलं. मावशी बाजूला बसून सगळं बघत होत्या. मग उठल्या आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या झुडपात शिरल्या. कोयत्याने फांद्या छाटल्या, पायाने चिखल सारला, मग हातानेच उकरायला लागल्या. वीतभर खाली दगडाचं डोकं दिसलं, चौकोनी, वर खोदलेली खूण. "माजी आय यावर टोपली टेकवाची," त्या म्हणाल्या. भूमापकाने त्यावर यंत्राची काठी धरली. आकडा नकाशाशी जुळला. दुसरा दगड मग लगेच सापडला, पहिल्यापासून किती पावलांवर शोधायचं ते आता माहीत होतं.

मोजणीचा नकाशा न्यायालयात गेल्यावर अंतरिम आदेश झाला: अंतिम सुनावणीपर्यंत वाट दिवसरात्र खुली ठेवावी, नोंदवही ठेवू नये. मैदानाचं अजून ठरायचं आहे. वकीलबाईंनी तेव्हा मला कमलनाथ प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल वाचायला दिला. नद्या, किनारे, जंगलं सरकारच्या मालकीची नसतात, सरकार त्यांचं विश्वस्त असतं, असं त्यात म्हटलं आहे. विश्वस्त या शब्दाचा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळायची आणि मागेल तेव्हा हिशोब द्यायचा.

मोकळ्या जागांसाठी मुंबईत २००२ साली दाखल झालेल्या एका याचिकेचा निकाल उच्च न्यायालयात १९ जून २०२५ ला लागला. अतिक्रमण झालेल्या राखीव मैदानांवर झोपडपट्टी पुनर्वसन करून ३५ टक्के जागा खुली ठेवायची, या तरतुदीला नागरिकांच्या 'नगर' या संस्थेचं आव्हान होतं. न्यायालयाने तरतूद रद्द केली नाही, पण ते ३५ टक्के खरोखर लोकांना मिळावेत यासाठी निर्देश दिले. तेवीस वर्षं त्यांनी वकील, कागद, पैसा कसा पुरवला असेल हे मी बातमी वाचताना मोजत होते. सरांनी ते कात्रण कापून आमच्या फाइलला लावलं. आता खटल्याच्या उपसमितीचे प्रमुख तेच आहेत.

आमचे एक लाख अजून न्यायालयात आहेत. ३१ मार्चच्या ताळेबंदात मी ते 'येणे' बाजूला दाखवते. मे अखेर देणग्यांचं विवरण भरून झालं. खात्यात आज ७१ हजार आहेत, पुढच्या तारखेसाठी २८६ अधिक ४० पानांचे आठ संच काढायचे आहेत, आणि गुरुवारी दुपारी मावशी डबा घेऊन येणार आहेत. पावतीपुस्तक संपत आलंय, नवं छापायला टाकलंय.